रिपोर्ट बघणाऱ्यांचा रिपोर्ट

बोळिंज, विरार
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

ती. आत्माराम भावोजींना,
हेमांगीचा नमस्कार.

आम्ही सगळे बरे आहोत. ताईने पाठवलेली सुकेळी पोचली. आमच्या आर्याने माझ्यासाठी उदार होऊन एक ठेवली. पाकीट जाडजूड आहे म्हणून हसू नका. फोन तुम्ही उचलत नाही, आणि मेसेज कोणाकोणाच्या हातातून जातो ते मला माहीत आहे.

रागावला आहात. पण माझी बाजू एकदा ऐका.

हर्षवर्धन साहेबांनी आपल्या कंपनीत आल्या आल्या विचारलं, कामाचे आकडे दाखवणारे आपण एवढे डॅशबोर्ड बनवतो, ते बघतं कोण? प्रश्न रास्त होता, मलाच आधी पडायला हवा होता. म्हणून मी रिपोर्ट बघणाऱ्यांचा रिपोर्ट बनवला. कोणी कितीदा उघडला, किती वेळ उघडा ठेवला. तेव्हापासून डोक्याला नुसता ताप! लोक सकाळी डॅशबोर्ड उघडतात आणि चहाला जातात. तुमच्या शिफ्टचा जितेंद्र गेटवरच्या कॉम्प्युटरवर तेच पान दिवसभर उघडं ठेवतो, म्हणून कंपनीत पहिला नंबर त्याचा. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं. मला हळूच म्हणतो, "मॅडम, ते बंद कसं करायचं तेच माहीत नाय." मी हसू की राजीनामा देऊ?

आणि तुमच्या नावापुढे शून्य. पहिल्या दिवसापासून शून्य. जे रिपोर्ट वापरत नाहीत त्यांना शिफ्टप्रमुख ठेवायचं नाही, असं साहेबांनी ठरवलंय. यादी मी सोमवारी द्यायची आहे.

तुम्ही फोनवर म्हणालात, "अगं, चावी तुझ्याच हातात ना? टाक की माझ्या नावापुढे धा-पंधरा." मी नाही म्हटलं. "मेहुणी म्हणून मिरवतेस, आणि एवढं होत नाही?" म्हणालात आणि फोन ठेवलात. त्या नकारात तत्त्व किती होतं आणि ठसका किती, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

म्हणून गेल्या गुरुवारी न कळवता कामणला आले. गोदामाच्या दाराशी सगळे उभे होते. तुमच्या शिफ्टचा इग्नेशियस मोबाइलवर रिपोर्ट उघडून मोठ्याने वाचत होता, तुम्ही कामं वाटत होतात. "तीन नंबरला माल अडकलाय? दोन गडी तिकडे. जितेंद्र, हलतोस का तुला पण ट्रकात भरू?" बघता बघता गोदाम चालू. मग इग्नेशियसने त्याच रिपोर्टचा फोटो ग्रुपवर टाकला. म्हणजे बघणारे सगळे, आणि माझ्याकडे नोंद एकट्या इग्नेशियसची! बोट कोणाचं लागलं एवढंच मी मोजत बसले होते. परत येताना रिक्षावाल्यावर उगाच खेकसले.

पत्र इथे संपवता आलं असतं. बरंही झालं असतं.

पण मी गेटपासून हात हलवला होता, भावोजी. दोनदा. तुम्ही माझ्याकडेच बघत होतात. जवळ येऊन बोलले तेव्हा म्हणालात, "अरे, हेमा! केवढी वाळलीस, ओळखलीच नाही." मी वाळलेली नाही. ताईला विचारा. इग्नेशियस वाचत होता तेव्हा तुमच्याही हातात मोबाइल होता आणि तुम्ही त्यात बघून मान डोलावत होतात. त्यावर कोणीतरी पाठवलेलं 'शुभ सकाळ'चं गुलाबाचं फूल होतं. आणि फोर्कलिफ्ट मागे आली, तेव्हा इग्नेशियसने तुम्हाला कोपराला धरून बाजूला घेतलं. तुमचं कामं वाटणं तसंच चालू राहिलं. रोजचंच असावं.

कधीपासून? ताईला "चष्म्याचा नंबर वाढलाय" एवढंच सांगितलंत ना? मोतीबिंदू असेल, साखरेमुळे असेल, मला त्यातलं कळत नाही. जागा जाईल म्हणून लपवलंत, हे मात्र कळतं. आणि जागा जायची भीती माझ्याच यादीने वाढवली, हेही.

अक्षरं जाड स्केचपेनने काढली आहेत, पानावर सहा-सहा ओळी, म्हणजे ताईकडून वाचून घ्यायला नको. तरीही नाही लागली, तर इग्नेशियसला सांगा. पाकीट त्याच्याकडेच देते आहे. त्याच्यापासून काय लपलंय?

सोमवारी मी साहेबांना लिहून देणार की माझी मोजणी चुकली, आणि आत्मारामांची अख्खी शिफ्ट रिपोर्ट वापरते. तुम्ही माझ्याशी बोला, न बोला, ते देणारच, कारण ते खरं आहे. पण पुरतं खरं नाही. त्याने जागा वाचेल. फोर्कलिफ्ट काही माझा रिपोर्ट वाचून थांबत नाही.

शनिवारी सकाळी वसईत डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. दहा वाजता रिक्षा घेऊन तुमच्या वाडीच्या फाटकाशी येते. आधी डोळे, मग शिफ्टचं काय करायचं ते दोघं बसून ठरवू. नाही आलात तर ताईला सांगेन. हो, धमकीच आहे. मला आता गोड बोलायचा कंटाळा आलाय.

उत्तर पाठवू नका. फाटकापाशी येऊन उभे राहा. मी हात हलवणार नाही, हाक मारेन.

तुमची, मुळीच न वाळलेली मेहुणी,
हेमांगी