फिलूची जागा

गिरीज, मंगळवार संध्याकाळ

फिलूच्या पिना अजून माझ्या पर्समध्येच आहेत. सकाळी या धाकट्या बहिणीची वेणी घातली, शाळेत जाताना घालायचे तशीच घट्ट. दवाखान्यात नर्सने सगळ्या पिना काढायला लावल्या. चुंबकाजवळ लोखंड चालत नाही म्हणे.

उदासीवरचं हे चुंबकाचं यंत्र डोक्यावर ज्याच्या त्याच्या मेंदूप्रमाणे बसवतात. डॉक्टर जागा थोडी थोडी सरकवून तिला विचारत होते, "आता कसं वाटतंय?" आणि मी सांगत होते, "बरं वाटतंय तिला." आई गेल्यापासून तिच्या वतीने मीच बोलते. आमच्यात थोरलीच बोलते ना? मुठीत पिना टोचत होत्या.

शेवटी फिलू म्हणाली, "डॉक्टर, यंत्र आमच्या या थोरल्या बायलाच लावा. माझं डोकं तिच्याकडेच असतं."

नर्स खुदकन हसली. डॉक्टरांनी मला बाहेर बसवलं. दारामागून फिलूचा आवाज आला, मोकळा, कॉन्व्हेंटच्या मैदानावरचा. किती वर्षांनी!

रिक्षात विचारलं, "काय सांगितलंस गं त्यांना?"

"तू बाहेर गेलीस तेव्हा बरं वाटलं, एवढंच. त्यांनी तीच जागा पक्की केली."