पोट गेलं आणि वैराग्य आलं

२ जानेवारी २०२५

आज आलं: मंगेशनं पुण्याहून कुरिअर केलं. बी-ट्वेल्व्हच्या इंजेक्शनच्या सहा कुप्या, पाकिटावर किंमत रु. १८०. प्रोटीनचा डबा, रु. ६४० (मागच्याला मातीची चव होती). स्वेटर एक, किमतीचं लेबल सुनेनं कापलेलं, म्हणजे महाग. बँकेची ही डायरी, फुकट. हिशेबाची वही वेगळी आहेच, ही मनाची ठेवणार. कुणी वाचायची नाही.

पोट काढून सव्वा वर्ष झालं. गाठ होती. डॉक्टरांनी सगळं पोटच काढलं आणि आतडं थेट वर जोडलं. गाठ गेली, महादेवाची कृपा. पण निघताना डॉक्टरांनी घाबरवून ठेवलं. म्हणाले, पोट नसलं की बी-ट्वेल्व्ह अंगात शिरत नाही, त्यात तुम्ही शाकाहारी, म्हणजे आधीच तळाला लागलेलं. दर महिन्याला इंजेक्शन, जन्मभर. नाही घेतलं तर हातापायाला मुंग्या, विसर, चिडचिड, उदासी. फार उशीर केला तर गेलेलं परत येत नाही. आणखी म्हणाले, पोटातून मेंदूला सारखे निरोप जात असतात, भुकेचे, खुशीचे. ते आता कमी होतील.

चार इंजेक्शनं घेतली, मग बंद केली. जे पोटच नाही त्याच्यावर दर महिन्याला खर्च म्हणजे विकलेल्या म्हशीला पेंड घालणं. मंगेश औषधाला पैसे पाठवतो ते साठवते आहे. गळ्यातल्या इष्टलिंगाला चांदीची नवी डबी करायची. औषध देहाला, डबी देवाला. देह किती दिवसांचा?

कुप्या मसाल्याच्या फळीवर मागे सारल्या.

संध्याकाळी मंगेशचा फोन. विचारलं, आई, इंजेक्शन घेतलं का? म्हणाले, घेतलं. कुरिअरवाल्याच्या हातून मीच घेतलं, यात खोटं काय.

९ जानेवारी

भूक अशी लागतच नाही. घड्याळ बघून दिवसातून सहा वेळा वाटीवाटीनं खाते. शांतपणे विचार केला तर केवढी गोष्ट आहे ही! भूक जिंकायला लोक रानात जाऊन जन्म घालवत. माझी चार तासांत जिंकून झाली, तीही भूल देऊन.

निरोप्या गेला म्हणतात डॉक्टर. बरं झालं. आता मेंदूला निरोप येईल तो थेट वरून.

१५ जानेवारी

काल एक तिळाचा लाडू खाल्ला. अख्खा. घाम, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. तासभर आडवी होते. गोडाचा मोह धरू नये असा इशारा मिळाला.

हळद संपली. यांच्या दुकानातून एक पुडी आणली. रोख पैसे दिले. घरचं दुकान म्हणून उचल करायची सवय मला नाही.

२२ जानेवारी, पहाट

आज पूजा झाली.

म्हणजे रोजच होते. डाव्या तळहातावर लिंग ठेवायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा, नजर लावून बसायचं. चाळीस वर्षं करते आहे. पण आज लिंगाखाली तळहातात सुंऽ सुंऽ सुरू झालं. बारीक. जिवंत. जसं काही आत कुणी जागं झालं.

उजव्या हातातही थोडं आहे. तळपायालाही. म्हणजे प्रसाद सगळ्या अंगाला वाटला गेला.

डॉक्टरांनी सांगितलेल्या मुंग्या वेगळ्या. त्या आजाराच्या. या पूजेच्या वेळी येतात. (इतर वेळीही असतात, पण तेव्हा माझं लक्ष नसतं.)

३ फेब्रुवारी

आमच्या ह्यांना (कल्याणराव. डायरीत नाव लिहायला हरकत नसावी) तळहाताचं सांगितलं. हे गल्ला मोजत होते. न बघता म्हणाले, अंगाखाली हात घेऊन झोपली असशील, सत्यशीला सिस्टरला दाखव. तराजूत मावत नाही ते दुकानदाराला कळत नाही.

सिस्टरकडे जाणार नाही. ती सुई काढून बसते.

हळद संपली होती. एक पुडी आणली, रोख.

११ फेब्रुवारी

शेजारच्या कस्तुराबाईशी भांडण. कारण: तिनं माझी स्टीलची वाटी परत दिली, पण माझी नाही असं मला वाटलं. तिनं वाटीच्या बुडाला कोरलेलं माझं नाव दाखवलं. त्यावरून जास्तच राग आला. मी काय काय बोलले ते नीट आठवत नाही. ती म्हणाली, चन्नम्मा, तुझं पोट काढलं का डोकं?

पूर्वी मी मुंगीलासुद्धा ओरडत नव्हते. हा राग माझा नव्हे. वीरभद्राचा अंश संचारत असावा.

उद्यापासून मौन.

१२ फेब्रुवारी

मौन सोडलं. दूधवाल्यानं आजचे पैसे मागितले. मी दिले होते. वहीत लिहिलेलं नाही, पण दिले होते.

२७ फेब्रुवारी

काल महाशिवरात्र. उपास केला म्हणायचा, पण भूकच नाही तर उपास कसला. ही एक अडचण आहे. पुण्य मिळतं की नाही, मठात विचारायला हवं.

त्यानिमित्तानं महाराजांना पत्र टाकलं. लिंग माझ्या तळहातात जागृत झालं, भूक सुटली, क्रोध आला तो माझा नव्हता, पुढची पायरी सांगावी. कार्डच टाकलं, पन्नास पैशांचं. झाकून ठेवायचं काय आहे? पोस्टमननं वाचलं तर त्याचंही कल्याण.

आता डोळे मिटून पूजा करते. डबीतून लिंग त्याच्या फडक्यासकट हातात घेते आणि बसते. बाहेरच्या नजरेची गरज उरली नाही.

१० मार्च

नात निकिता पहिल्यांदा आज्जी म्हणाली. व्हिडिओवर. सूनबाई राजेश्रीनं तिला तीनदा म्हणायला लावलं. मंगेश म्हणाला, आई, हा तिचा पहिला शब्द आहे, आमच्या दोघांच्या आधी तुझं नाव घेतलं.

मला काही वाटलं नाही.

खरंच काही नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघावं तसं बघत होते. राजेश्री म्हणाली, आई, हसा की. मी तोंड ताणलं.

यालाच वैराग्य म्हणतात. लोक घरदार सोडतात तरी नातवंडांची माया सुटत नाही. माझी घरात बसून सुटली. धन्य झाले.

फोन ठेवून बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिले. काहीतरी करायला आले होते.

२४ मार्च

बाजारातून एक चप्पल घालून आले. दुसरी कधी निघाली ते पायाला कळलंच नाही. पोरं हसायलीत हे पाहून बघितलं तर पाय मातीनं माखलेला. देहाचं भान सुटत चाललं आहे. शास्त्रात ही फार वरची पायरी धरतात.

चप्पल जोडी रु. २२०, पैकी निम्मी गेली. नुकसान रु. ११० लिहिलं. मग कळलं, उरलेलीही कामाची नाही. खोडून रु. २२० केलं.

५ एप्रिल

आज आलं: परभणीच्या सराफाकडून चांदीची डबी. इतकी सुंदर की नजर लागावी. सगळी इंजेक्शनांच्या वाचलेल्या पैशांतून. ती घेऊन आलेल्या सोयऱ्यानं काळी दोरी घालून दिली. स्वयंपाकघरात बसून लिंग जुन्या डबीतून नव्यात घातलं, गळ्यात बांधलं.

हळद संपली म्हणून दुकानात गेले. हे म्हणाले, अगं, पाच पुड्या झाल्या हळदीच्या, लग्न कुणाचं काढलंस? चार गिऱ्हाइकं हसली. माणूस वय वाढलं की हिशेबात चुकतो, यांचं वय झालं.

१८ एप्रिल

कस्तुराबाई आपणहून बोलायला आली. मनानं चांगली आहे. कार्ड तिच्या दिरानं, पोस्टमननं, वाचलं होतं आणि तिला सांगितलं होतं. तिनं माझा तळहात हातात धरला आणि म्हणाली, व्हय गं बाई, कायतरी हाय, गार पडलाय.

बातमी गेली. आळीतल्या सात-आठ जणी येऊन हात लावून गेल्या. एकीनं अकरा रुपये ठेवले. घेतले नाहीत. (परत द्यायला विसरले.)

बसवजयंतीला महादेवाच्या देवळात बायकांपुढे माझं अनुभवकथन ठरलं. संकल्प: दहा मिनिटं बोलायचं. अहंकार येऊ द्यायचा नाही. नवी डबी पदराबाहेर ठेवायची.

१ मे

काल बसवजयंती झाली. लिहायचं नाही.

२ मे

लिहून टाकते. ओझं उतरेल.

देऊळ भरलं होतं. मी पुढे बसले. काय बोलायचं ते घरी पाठ केलं होतं, पहिलं वाक्य सोडून सगळं गेलं. म्हणून मी म्हटलं, बोलण्यापेक्षा बघा. डोळे मिटले, डबी उघडली, फडक्यातून लिंग काढून तळहातावर ठेवलं. मुंग्या आल्या. रोजच्यापेक्षा जास्त आल्या. मी म्हटलं, आता जागृत झालं, या, एकेकीनं दर्शन घ्या.

कुणी येईना. मग कस्तुराबाईचा आवाज आला, अगं चन्नम्मा, डोळे उघड. ह्ये हळकुंड हाय.

हळकुंड होतं.

चांगलं बोटभर, गाठीचं. मागून कुणीतरी म्हणालं, महादेवाला हळद लागली. हसू दाबलं तरी फुटलंच. मला रागही आला नाही, लाजही आली नाही. एवढंच कळलं, की गुळगुळीत लिंग आणि खडबडीत हळकुंड यांतला फरक माझ्या हाताला कळत नाही. आणि मुंग्या हळकुंडालाही येतात.

मग एकदम धसका बसला. लिंग कुठं आहे? सात वर्षांची असताना गुरूंनी बांधलेलं. आजी सांगायची, लिंग हरवलं तर माणूस जिवंत असून नसल्यासारखा.

३ मे

सापडलं. ह्यांनी शोधलं. दुकान बंद ठेवून सगळं घर उलटं केलं. मसाल्याच्या फळीवर हळदीचा मोठा डबा, त्यात पाच पुड्या, पुड्यांच्या खाली लिंग, पिवळंधमक. डबी बदलली त्या दिवशी मीच लिंग हळदीच्या डब्यात आणि तिथलं हळकुंड फडक्यात ठेवलं असणार. म्हणजे पंचवीस दिवस मी हळकुंडाची पूजा केली. डोळे मिटून.

डब्यामागे सहा कुप्याही सापडल्या. दुकानात एवढं बडबडणारा माणूस, कुप्या हातात घेऊन जमिनीवर बसून राहिला. मग म्हणाले, गाठीच्या टायमाला मी इतका भ्यालो न्हवतो.

सिस्टरला घरी आणलं. तिनं माझ्या पायाला सुई टोचली, मी विचारलं, कधी टोचणार? ती म्हणाली, टोचून झालं काकू. मग कुप्यांकडे बघून म्हणाली, ह्या हळदीला द्यायच्या व्हत्या का?

रक्त परभणीला पाठवलं.

६ मे

बी-ट्वेल्व्ह ६८ आलं. सिस्टर म्हणाली, पास व्हायला दोनशे लागतात. मॅट्रिकला गणितातही मी इतकी कमी पडले नव्हते.

मंगेशला ह्यांनी सगळं सांगितलं. तो ओरडेल म्हणून मी तयारीत होते. तो एवढंच म्हणाला, आई, तू निकिताकडं बघून हसली नाहीस तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

आता एक दिवसाआड इंजेक्शन, मग आठवड्याला, मग महिन्याला. मी विचारलं, सगळं परत येईल ना? सिस्टर म्हणाली, बरंचसं. तिनं सगळं म्हटलं नाही, मी नोंद घेतली.

२९ मे

अध्यात्म उतरायला लागलं आहे. मुंग्या आता फक्त बोटांच्या टोकांना. क्रोध गेला, म्हणजे वीरभद्र इंजेक्शनला भितात. दूधवाल्याचे पैसे खरंच दिले नव्हते. दिले. अकरा रुपयेही परत केले, कस्तुराबाईच्या नणंदेचे होते.

आज निकिता व्हिडिओवर आली. नवीन काही नाही, नुसतं आज्जी, आणि मग नाक पुसलं. आणि मला रडू फुटलं. राजेश्री घाबरली, आई, काय झालं? काही नाही म्हटलं, पण थांबेना. पदर भिजला. एवढ्या महिन्यांत कमावलेलं वैराग्य सहा कुप्यांत, एकशे ऐंशी रुपयांत गेलं.

परत मागायचं नाही असं ठरवलं.

१२ जून

महाराजांना पत्र लिहिलं. या वेळी कार्ड नाही, बंद पाकीट, रु. ५. नक्कल इथे उतरवून ठेवते, पुढे विसरले तर असावी:

कृ. सा. न. वि. वि. मागचं कार्ड वाचलं नसल्यास फाडून टाकावं. वाचलं असल्यास प्रवचनात दाखल्याला घेऊ नये, घ्यायचंच झालं तर गावाचं नाव घेऊ नये. मुंग्यांचं कारण सापडलं, ते परभणीच्या लॅबचं निघालं. तरी दोन गोष्टी विचारते. एक, लिंग अठ्ठावीस दिवस हळदीच्या डब्यात होतं, त्याला नुसती आंघोळ पुरे की पुन्हा दीक्षा घ्यावी, आणि खर्च किती. दोन, त्यातल्या पंचवीस दिवसांची पूजा कुणाच्या खात्यात धरली जाते? हात चुकला, पण मन तिथंच होतं, असं मला वाटतं. आपली, चन्नबसम्मा कल्याणराव शेटे, मु. पो. झरी.

पाकीट घेऊन पोस्टात गेले. कस्तुराबाईचा दीर म्हणाला, वहिनी, मागच्या गुरुवारी तुमी मठाचंच पाकीट टाकलंय की. रु. ५. हिशेबाच्या वहीत बघितलं. आहे.

पाकीट चिकटवलेलं होतं. पाच रुपये वाया घालवायचे नाहीत म्हणून मागे लिहिलं:

ता. क. असंच पत्र आधी आलं असल्यास दोन्हींचं मिळून एकच उत्तर पाठवावं. उत्तराचं पत्ता घातलेलं कार्ड आत एकच जोडलं आहे. मागच्यात जोडलं होतं का ते आठवत नाही, जोडलं असल्यास तेवढं परत करावं. आपण काय सांगाल ते मी लिहून ठेवीन. कृपया उलट टपाली कळवावं.