पंप दाराशीच राहील

त्या रविवारी सकाळी मी अंगणात आधी पाणी शिंपडले आणि मग झाडले. कोरडे झाडले की धूळ उठते आणि माझी छाती भरते, म्हणून चार वर्षांपासून हाच क्रम. मग दम्याचा तपकिरी पंप तोंडाने ओढला, चूळ भरली, यांच्या फोटोला जास्वंदीचे फूल ठेवले आणि पोहे निवडायला बसले. माझी नात वैष्णवी हिला बघायला सिन्नरची मंडळी येणार होती. त्या दिवशी जे घडले त्यावरूनच हा कागद करायचे मनात आले, म्हणून सुरुवात तिथून केली. वकिलांनी सांगितलेली सुरुवात आता लिहिते.

मी, सिंधुबाई धोंडीराम शेवाळे, वय त्रेसष्ट, राहणार गंगापूर रोड, नाशिक, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाला न घाबरता आणि कोणाच्या गोड बोलण्याला न भुलता, माझ्या मनाने लिहून ठेवते. मला दमा आहे. तो उतारवयात, एकोणसाठाव्या वर्षी आला. श्वास मधूनमधून कमी पडतो, समज कमी पडलेली नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

माझे पती १९९१ साली वारले. त्यानंतर मी मिरची कांडायचे विजेवरचे यंत्र, म्हणजे डंख, टाकला. माझे दीर चिमाजी भाऊजी तेव्हा म्हणाले होते, "वहिनी, दिवाळीपर्यंत कुलूप लावाल." राहते घर आणि शेजारची डंखाची खोली त्याच डंखाच्या कमाईतून माझ्या एकटीच्या नावावर झाली. मिरचीच्या पिशव्यांवर गिऱ्हाइकांची नावे असत. ती जुळवता जुळवता मी वाचायला शिकले आणि पुढे वाचनालयात नाव घातले. चिमाजी भाऊजींना माझ्या मालमत्तेतून काहीही देऊ नये. तेराव्याला मात्र त्यांना पोटभर वाढावे, आणि ते कुलूप कुठे आहे असे एकदा विचारावे.

दम्याबद्दल लिहिणे भाग आहे, कारण पुढची वाटणी त्यावरच आहे. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षे मिरचीचा खकाणा छातीत गेला, त्याचाही यात वाटा असेल. त्यांनी दोन पंप दिले. तपकिरी रोजचा, निळा अडचणीचा. सटाण्याची माझी थोरली बहीण कुसाबाई बघायला आली तेव्हा म्हणाली, "सिंधू, तुले पंपनी सवय लागी जाई." मी म्हटले, "तुले चष्मानी लागनी, तशीच." मी वाचनालयातून पुस्तक आणून वाचले होते. सवय लागत नाही. श्वास घेण्याची सवय मला आधीपासूनच आहे.

तर त्या रविवारी माझी सून मोहिनी म्हणाली, "आई, आज पंप बाहेर दिसायला नको. लोकं लगेच दम्याचं घर म्हणतात. तुम्ही आतच बसा थोडा वेळ." मी बसले. पोरीच्या लग्नाआड आपण का यायचे, असे वाटले. निळा पंप तिने कुठे ठेवला ते मी विचारले नाही.

पाहुणे आले. स्वयंपाकघरात पोह्यांची फोडणी पडली. हिरव्या मिरचीचा ठसका दाराच्या फटीतून थेट माझ्या खोलीत आला. छातीत शिट्टी वाजू लागली. हाक मारायलाही वारा उरला नव्हता. वैष्णवी पोह्यांचा ट्रे घेऊन पुढच्या खोलीत जात होती, तिला ती शिट्टी ऐकू आली. तिने ट्रे बघायला आलेल्या मुलाच्या हातात दिला, "धरा जरा," म्हणाली, आणि सगळ्यांसमोर ओरडली, "आई, आजीचा पंप कुठाय?"

मोहिनी पाहुण्यांकडे बघू लागली.

"आई, कुठाय?"

"रव्याच्या डब्यात."

तिने तो आणला, फुंकर मारून रवा उडवला आणि मला धरून बसवले. मला वारा मिळाला. मुलाची आई दारात येऊन उभी राहिली होती. म्हणाली, "लागण तर नाय ना हो याची? पोरीला बी हाय का?"

वैष्णवी म्हणाली, "मला नाही. उद्या झालाच, तर माझा पंप रव्यात ठेवणार नाही."

मंडळी "कळवतो" म्हणून गेली आणि कळवले नाही. संध्याकाळी माझा मुलगा सोमनाथ म्हणाला, "आई, अर्धा तास निघाला नसता का?" मी म्हटले, "अर्ध्या तासात मीच निघाले असते." त्यावर तो रडला, हेही लिहून ठेवते. वैष्णवीला विचारले, वाईट वाटले का? ती म्हणाली, "मुलगा दिसायला बरा होता गं आजी. पण पोहे खाऊन गेलेत, आपल्याकडे काही राहिलं नाही त्यांचं."

आता गल्लीत म्हणतात की आजीच्या दम्याने नातीचे मोडले. माझ्या श्वासाची किंमत त्या पोरीने भरू नये, यासाठी खालील व्यवस्था करते.

राहत्या घराच्या दोन्ही खोल्या सोमनाथच्या. डंखाची खोली, डंख आणि वीजजोडणी वैष्णवीची, लग्न झाले तरी आणि न झाले तरी. तिने डंख चालवावा, भाड्याने द्यावा किंवा विकावा. त्यात बापाने, भावकीने वा सासरच्यांनी बोलू नये. चालवायचा असेल तर पोस्टातल्या माझ्या बचतीतून आधी धूळ बाहेर ओढणारा मोठा पंखा बसवावा, आणि डंखावर कोणीही नाकाला फडके बांधल्याशिवाय उभे राहू नये. मी तशीच उभी राहिले. पुन्हा कोणी तिला दम्याच्या घरची म्हणाले, तर आपण डंखाच्या मालकिणीशी बोलतो आहोत हे त्यांना कळावे.

माझ्या पाटल्या मोहिनीला. तिच्यावर माझा राग नाही. थंडीत माझ्या पाठीला उशा लावायला तीच उठते. रव्याचा डबाही तिलाच. त्यात रवा भरावा.

मी गेल्यावर माझ्या उशाशी उदबत्ती, धूप लावू नये. मला काही होणार नाही, पण बघायला आलेल्यांत एखादी माझ्यासारखी असेल. यांच्या फोटोपुढेही मी चार वर्षे लावलेली नाही. उदबत्तीशिवायही मला त्यांची आठवण रोज येते.

हे मृत्युपत्र मी वाचले, मला ते पटले, आणि मी दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. अंगठा नाही, सही.

सिंधुबाई धोंडीराम शेवाळे

साक्षीदार:
यादव सावळीराम गांगुर्डे, शेजारी
बायडाबाई गोटीराम बोडके, डंखाच्या जुन्या गिऱ्हाईक

नाशिक, दिनांक २० एप्रिल २००३

सह्यांखाली जागा उरली आहे. पुढचे वाटणीत धरू नये.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी मी अंगणात पाणी शिंपडले, झाडले, तपकिरी पंप ओढला, चूळ भरली. मग हातोडी घेतली आणि पुढच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल असा, दाराशी एक खिळा ठोकला. निळा पंप पिशवीत घालून तिथे टांगला. स्टूल मोहिनीने धरले होते.