आमच्या पत्रकातील शून्य आणि मुलगी, दोन्ही नोंदी आहेत तशाच ठेवण्याबाबत

प्रति,
माननीय जनगणना अधिकारी,
विभागीय जनगणना कार्यालय,
दुसरा मजला, आतली खोली.
(बाहेरच्या खिडकीवरील कारकुनाने हे पाकीट उघडू नये, ही विनंती.)

विषय: आमच्या घराची फेरचौकशी, निदान शेजाऱ्यांसमक्ष होणारी, रद्द करणेबाबत.

संदर्भ: आमच्या दारावर डिंकाने चिकटवलेली आपली नोटीस.

माननीय महोदय,

अर्जदार बाजाराच्या कोपऱ्यावर चष्म्याचे दुकान चालवतो. घरी आम्ही तिघे: मी, माझी पत्नी आणि आमची अकरा वर्षांची मुलगी. आम्ही जनगणनेच्या विरुद्ध नाही, हे सुरुवातीलाच नमूद करतो, कारण आमच्या इमारतीत विरुद्ध असणारे पुष्कळ आहेत. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी प्रगणक बाईंना दारातूनच सुनावले की सरकारने माझ्या घरात नाक खुपसू नये; आणि त्याच संध्याकाळी स्वतःचे पेन्शन, मुलाचा पगार व सुनेचे आजारपण जिन्यात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सविस्तर सांगितले. समोरच्या काकूंनी वय सांगितले नाही, मात्र बाकीच्या सर्व बायकांची वये स्वतःहून सांगितली. आमचे नेमके उलटे झाले. जे शेजाऱ्यांपासून जपले, ते आम्ही विश्वासाने सरकारला सांगितले.

१. प्रगणक बाई शाळेत शिकवतात आणि त्यांचे गुडघे दुखतात. त्यामुळे प्रत्येक मजल्यावर त्या गॅलरीत खुर्ची टाकून बसत आणि एकेका घराला बोलावून घेत. लिहून झाले की उत्तरे मोठ्याने वाचून दाखवत. वर्गातली सवय, दुसरे काही नाही. अशा रीतीने आमच्या मजल्याला एकमेकांची माहिती पाठ झाली. माझ्या पत्नीने मात्र बाईंना आत बोलावले आणि दार लावून घेतले. आजवर किती अपत्यांना जन्म दिला, या प्रश्नाशी आल्यावर बाई ‘एक’ लिहिणारच होत्या, कारण आमची मुलगी भिंतीवरच्या फोटोत सगळे दात दाखवून हसत होती. पत्नीने त्यांचा हात धरला आणि विचारले, हे कुणाला कळणार नाही ना? बाई म्हणाल्या, “कायद्यानं बंदी आहे हो. माझ्या नवऱ्यालासुद्धा सांगता येत नाही.” त्यावर पत्नीने शून्य लिहायला सांगितले.

आमची मुलगी तान्ही असताना आम्ही तिला रीतसर दत्तक घेतले. त्यानंतर लगेच या इमारतीत राहायला आलो, त्यामुळे इथे ही गोष्ट आम्हा दोघांपलीकडे कुणाला ठाऊक नव्हती. त्या दिवशी मी दुकानातून आलो तेव्हा पत्नी म्हणाली, “इतक्या वर्षांनी कुणाला तरी खरं सांगितलं बघा. हलकं वाटलं.” मी तिला शहाणी म्हणालो.

मुलीला हे माहीत नाही. सांगायचे आहेच. दुधाचे दात पडू देत, मग सांगू. नव्या शाळेत रुळू दे, मग सांगू, असे आमचे चालले आहे. तिला हे आईच्या तोंडून, आईच्या जवळ बसून कळावे, एवढीच आमची इच्छा. ते काम आपल्या कार्यालयाने अंगावर घेतलेले दिसते, म्हणून हा अर्ज.

२. जन्मलेली अपत्ये शून्य आणि घरात मुलगी एक, हे आपल्या पर्यवेक्षकांना रुचले नाही. त्यांनी पत्रक परत पाठवले आणि आमच्या दारावर नोटीस लागली: “अपत्यांच्या नोंदीत विसंगती आढळल्याने फेरचौकशी होईल. कुटुंबातील सर्व व्यक्तींनी हजर राहावे. दोन शेजाऱ्यांची साक्ष घेतली जाईल.” महोदय, जी माहिती शेजाऱ्यांना कळू नये म्हणून कायदा आहे, ती खरी की खोटी हे शेजाऱ्यांना विचारून ठरवणार, ही युक्ती कोणाला सुचली ते मला समजून घ्यायला आवडेल. डिंक उत्तम प्रतीचा आहे. मी पाणी लावून, मग सुरीने नोटीस खरवडली, तरी खालचा, मजकुराचा अर्धा भाग दाराला धरूनच आहे. तोवर मजल्याने ती वाचली होती. काकूंनी विचारले, “कसली हो विसंगती? आमच्याकडे नाही आली ती,” जणू काही फुकट वाटप झाले आणि त्यांचेच घर राहिले. जिन्याखालच्या शिंप्याने साक्षीदार म्हणून स्वतःचे नाव देऊनही टाकले. आपल्या माणसासाठी एवढे तर करायलाच हवे, असे तो मला म्हणाला. त्याच्या मनात पाप नाही, हेच तर संकट आहे.

३. मी आपल्या कार्यालयात आलो. खिडकीच्या काचेला भोक लहान असल्याने आतल्या कारकुनाला ओरडून बोलावे लागते, आणि तो हौसेने ओरडतो. पत्रक पाहून तो म्हणाला, “शून्य आणि एक? मग मुलगी आली कुठून?” रांग हसली. मी तापट माणूस नाही, पण त्या दिवशी दुकानात परतल्यावर माझ्या हातून साध्या फ्रेममध्ये काच बसेना. त्याने मला तीन मार्ग सुचवले: शून्याच्या जागी एक करावे, किंवा मुलीपुढे ‘इतर नातेवाईक’ लिहावे, किंवा ‘आश्रित’ लिहावे. तिन्ही मार्ग मी घरी जाऊन सांगितले. पत्नी कणीक मळत होती, ती थांबली. म्हणाली, “मी तिला जन्म दिला नाही हे खरं. ती माझी मुलगी आहे हेही खरं. दोन्ही खरं लिहिलं तर यांचं काय बिघडतं?” हा प्रश्न मी आपल्याकडे जसाच्या तसा पाठवत आहे.

४. प्रगणक बाईंना भेटलो. त्या रडवेल्या झाल्या. फोड करून लिहायला पत्रकात जागाच नाही म्हणाल्या; आणि तोंडी सांगावे तर त्यांनी दिलेला शब्द मोडतो, म्हणून पर्यवेक्षकांपुढे त्या गप्प राहिल्या. या सगळ्या प्रकरणात कायदा पाळणारी ही एकच बाई, आणि तिच्या गप्प राहण्यानेच आमच्या दाराला डिंक लागला.

५. गोपनीयता भंगाची तक्रार करावी म्हणून मी पुन्हा खिडकीवर गेलो. तेथे समजले की अशी तक्रार संपूर्ण तपशिलासह लेखी द्यावी लागते आणि कोणाची हरकत असल्यास कळावे म्हणून ती कार्यालयाच्या फलकावर लावली जाते. मी फलक पाहून आलो. एका गृहस्थाने आपला आजार प्रगणकाने चारचौघांत सांगितला अशी तक्रार केली आहे. आजाराचे नाव फलकावर ठळक अक्षरात आहे. तरी माझा हा अर्ज तक्रार समजू नये. याला याचना समजावे.

६. फेरचौकशी उद्या आहे. मुलीच्या शाळेला सुटी आहे, ती घरीच असेल. दारावरची घंटा वाजली की धावत जाऊन दार तीच उघडते. पर्यवेक्षक तिलाच विचारतील, तू यांची कोण? मागे शिंपी उभा असेल, काकू असतील, मास्तर जिन्यावरून वाकून बघत असतील. महोदय, मी हात जोडतो. कागद पाहायचे असतील तर माझ्या दुकानात या. शटर खाली ओढून दत्तकाचे सगळे कागद पुढे ठेवतो. दंड करायचा असेल तर करा. तेही होत नसेल तर आम्हाला मोजूच नका, या देशात तीन माणसे कमी धरा, कुणाला कळणार आहे? खोटे बोलल्याची शिक्षा मी सोसली असती. खरे बोलल्याची ही शिक्षा आमच्या पोरीने का सोसावी?

येथपर्यंतचा मजकूर मी दुकानात बसून लिहिला आणि सही करण्यापूर्वी पत्नीला दाखवावा म्हणून घरी नेला. आता पुढचे लिहितो. नवा कागद घेऊन सगळे नीट लिहिण्याइतके त्राण नाही, क्षमा असावी.

मी पोहोचलो तेव्हा मायलेकी स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या. मुलीने दाराला उरलेला नोटिशीचा अर्धा भाग वाचला होता आणि मग आईला विचारले होते, “ती विसंगती म्हणजे मी का?” पत्नीने तिला सगळे सांगितले. मी दारातच उभा राहिलो. मुलगी रडली नाही. रडायचे काम मी केले. तिने मला विचारले, “मी तुमच्यासारखी दिसते असं सगळे म्हणतात, ते उगाच का?” मी म्हणालो, सगळे म्हणतात म्हणजे असेलच काहीतरी. ते तिला पटले असावे. ती आईच्या मांडीवर डोके ठेवून बराच वेळ पडून राहिली. जेवली नीट.

जेवणानंतर तिने तो प्रश्न बघायला मागितला. आपल्या कार्यालयाने घरोघर वाटलेले प्रश्नांचे पत्रक कपाटात होते. तिने बोट ठेवून वाचायला सुरुवात केली आणि जन्मलेल्या अपत्यांच्या प्रश्नाखाली थांबली. पुढचा प्रश्न असा आहे: त्यांपैकी आज हयात किती? ती म्हणाली, “बाबा, मला जन्म दिला त्या बाईलाही हे विचारलं असेल ना? मग तिनं काय सांगितलं असेल? तिला कुठे माहीत आहे मी आहे की नाही ते.”

महोदय, मी तिला समजावले की ती कोण, कुठे, हे आम्हाला ठाऊक नाही. कोणी काय सांगितले हे गुप्त असते, आणि तसेच असायला हवे. ती म्हणाली, “मग नाव नका सांगू. एवढंच कळवा.”

तरी माझ्या विनंतीत बदल करतो. पर्यवेक्षकांनी उद्या खुशाल यावे, दार मुलगीच उघडेल. साक्षीदार मात्र नकोत. दोन्ही नोंदी आहेत तशाच राहाव्यात. आणि ज्या कायद्याच्या नावाने मी इतका वेळ गळा काढला, तो तसूभर वाकवावा, असे मीच आता विनवतो. एवढ्या पत्रकांत कुठेतरी एक बाई असेल. तिने जन्मलेली अपत्ये एक सांगितली असतील, किंवा भीतीने शून्य. एक सांगितले असल्यास पुढच्या प्रश्नाला ती अडखळली असेल आणि प्रगणकाने घाईत काहीतरी लिहिले असेल. तिला आमचा पत्ता देऊ नका, तिचा आम्हाला नको. हे होण्याजोगे नाही हे मला कळते. तरी अकरा वर्षांच्या मुलीला मी शब्द दिला आहे, म्हणून लिहितो. त्या बाईला फक्त कळवावे: हयात, एक.

आपल्या दारात उभे असलेले,

अर्जदार, चष्म्याचे दुकान (सही)
अर्जदाराची पत्नी (सही)
मुलगी (सही तिने स्वतः केली आहे)

दिनांक: फेरचौकशीच्या आदल्या दिवशी

सोबत: १. नोटिशीचा वरचा अर्धा भाग. खालचा दारावर आहे.
२. दत्तकपत्राची प्रत. पाहून झाल्यावर मुलीच्या नावे परत पाठवावी. यापुढे ती तिच्याजवळ राहील.