नावेतली अकरावी जागा

आप्पा, मी सध्या मेक्सिकोच्या सहलीची आखणी करतो आहे. त्या देशाच्या दक्षिणेला, ग्वातेमालाच्या हद्दीला लागून, चियापास नावाचा डोंगराळ भाग आहे, सगळा जंगलाचा. माया लोकांनी हजार-बाराशे वर्षांपूर्वी बांधलेली दगडी शहरं तिथे झाडीत पडून आहेत. ते लोक अजून त्या डोंगरांत राहतात, शहरं मात्र त्यांनी फार पूर्वी सोडली. इस्टरच्या सुट्टीत आम्ही अकरा जण तिकडे जाणार आहोत. दहा जण सहलीला आणि मी आचारी म्हणून. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, त्यामुळे हे सगळं पहिल्यापासून सांगायला हवं.

मी चार वर्षांपासून जर्मनीत रेगेन्सबर्गला आहे. एका भारतीय हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करतो. गावात मोटारींचा मोठा कारखाना आहे, तिथे पुण्याकडचे बरेच इंजिनियर आहेत. पहिल्या वर्षी त्यांच्या गणपतीचा स्वयंपाक मी केला आणि तेव्हापासून त्यांच्या घरी माझं जाणं-येणं आहे. त्यातल्या एकाला मी दादा म्हणतो. दादा आणि त्याचे दोन मित्र आपापली कुटुंबं घेऊन या सहलीला निघालेत. दादाची आई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत, मी त्यांना मावशी म्हणतो. मावशी शुद्ध शाकाहारी. तिकडे घेवड्याच्या उसळीतसुद्धा डुकराची चरबी घालतात, हे दादाने कुठेतरी वाचलं आणि तो थेट माझ्याकडे आला. "तू आलास तर आई येईल," तो म्हणाला. "नाहीतर तिला इथे एकटीला ठेवून आम्ही काय पिरॅमिड बघणार?" मी उरलाउब मिळते का बघतो म्हणालो. मालकांनी सुट्टी लगेच दिली, तेव्हा मला जरा धास्तीच वाटली. नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं.

आखणीही माझ्याकडेच आली, कारण मी सगळं लिहून ठेवतो हे सगळ्यांना माहीत आहे. चौकटीच्या कागदांची वही आणली. डावीकडच्या पानावर प्रवास आणि उजवीकडच्या पानावर जेवण. सान क्रिस्तोबाल हे गाव साताठ हजार फुटांवर आहे, तिथे रात्री थंडी असते. तिथून खाली पालेंकेपर्यंतचा घाटरस्ता नकाशावर वीतभर दिसतो, पण वळणं आणि गतिरोधक इतके आहेत की पूर्ण दिवस धरावा लागतो, आणि अंधार पडायच्या आत उतरलेलं बरं असं सगळेच सांगतात. म्हणून वाटेत ओकोसिंगोला एक मुक्काम घातला. तिथल्या शेतात एक उंच देऊळ आहे, डोंगराच्या उतारावर पायऱ्या पायऱ्यांचं. पालेंकेला जंगलातली जुनी देवळं, शिवाय उकाडा आणि डास. तिथून सीमेवरच्या नदीपर्यंत पहाटे गाडीने जायचं आणि मग लांबट नावेत बसून पाऊण तास, नदीकाठच्या एका जुन्या माया शहरापर्यंत. त्या जुन्या शहराला जायला दुसरा रस्ता नाही. उजवीकडच्या पानावर असं: डाळी नेता येतील की नाही याची खात्री नाही, म्हणून तिथलाच काळा घेवडा घ्यायचा. चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ सगळीकडे मिळतं, त्याची थालीपिठं होतील. मी इथे तीनदा करून बघितली. तिसऱ्यांदा जमली. कुकर न्यायचा, कारण उंचावर घेवडा उघड्या पातेल्यात शिजणार नाही.

हे मला कोणी शिकवलं ते तुम्हाला माहीतच आहे. सहल कंपनीत तुम्ही वीस-बावीस वर्षं आचारी होता. बसच्या टपावर भांडी, मागच्या बाकाखाली रॉकेलचे डबे, आणि मुक्कामाला पोचलो की मंडळी खोल्यांच्या किल्ल्या घेत असताना तुमची भट्टी पेटलेली. अकरावीत माझं शिक्षण सुटलं तेव्हा तुम्ही मला फार बोलला नाहीत, सामानाच्या याद्या लिहायला बसवलंत. मी वेलांटी-उकार बघून सावकाश लिहायचो. तुम्ही समोर उकिडवे बसून वाट बघताय, विडीचं थोटूक बोटात धरून. "अरे, तुरीची वेलांटी चुकली म्हणून ती कमी शिजायची नाही. लिही लवकर." पण याद्या माझ्याकडूनच घेत होता. मनालीला मी पाणी न चाखता डाळ चढवली आणि ती दीड तास तशीच राहिली, तेव्हा मात्र तुम्ही बेचाळीस माणसांसमोर बोललात. "नवीन गावात आधी पाणी प्यायचं असतं. एवढंही कळत नसेल तर शाळेत तरी काय केलंस?" मंडळींतल्या एक बाई म्हणाल्या, जाऊ द्या हो, लहान आहे. मी अठरा वर्षांचा होतो. आता इथे नवीन घरात राहायला गेलो तरी पहिल्यांदा नळाचं पाणी पितो.

गेल्या रविवारी दुपारी दादाकडे सगळे जमले होते. मी वही टेबलावर ठेवली. वहिनी चहा गाळत होत्या. दादाचा मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याला मराठी कळतं पण तो उत्तर जर्मनमध्ये देतो. "तिथे साप असतात का, विचार काकाला," वहिनी म्हणाल्या, तर तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आबर गिफ्टिगे?" पण विषारी का, असं त्याला विचारायचं होतं. मी सांगितलं, असतात, पण आपण पायवाट सोडायची नाही, आणि बूट घालायचे, तेही वहीत लिहिलं आहे. दादा पानं उलटत होता आणि दर पानाला "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणत होता. नदीच्या दिवसाशी आल्यावर तो थांबला नाही. मावशींनी चष्मा लावून वही स्वतःकडे ओढली.

"नावेत दहा जागा कशा?" त्या म्हणाल्या. "आपण अकरा ना?"

मी म्हणालो, "मी काठावर थांबेन. तुम्ही परत याल तोवर जेवण तयार असेल."

"म्हणजे तू एवढ्या लांब येणार, आणि देवळाबाहेर चपला सांभाळायला बसणार?"

"मावशी, तुमच्या जेवणासाठीच तर मी येतोय."

"माझ्या जेवणाचं मला नको सांगूस. बारा वर्षं मी शाळेच्या सहली काढल्या, डब्यात दहीपोहे घेऊन. एक दिवस केळी खाल्ली तर मी मरत नाही."

दादा म्हणाला, "आई, त्याचं काम त्याला करू दे ना. त्याने नीट विचार करून लिहिलंय." त्यावर मावशी म्हणाल्या, "विचार करूनच लिहिलंय, तेच म्हणते मी." मग वहिनींनी बिस्किटं आणली आणि विषय बदलला. निघताना दादाने जिन्यात मला सांगितलं की नाववाल्याला शुक्रवारपर्यंत आकडा कळवायचा आहे, दहा की अकरा ते तू ठरव, मला दोन्ही चालेल. तो मनापासून म्हणाला. त्याने अकराच असं म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

घरी येऊन मी वही पुन्हा पाहिली. गाडीत अकरा, खोल्यांत अकरा, विमानात अकरा. फक्त जिथे जिथे काही बघायचं होतं तिथे दहा. ओकोसिंगोच्या देवळाला दहा, पालेंकेला दहा, नावेत दहा. हे मी ठरवून केलं नव्हतं. तुम्ही सहलीवरून यायचात तेव्हा आई विचारायची, कसा होता ताजमहाल, आणि तुम्ही म्हणायचात, आग्र्याचं पाणी जड आहे, भात मोकळा होत नाही. रामेश्वरला नारळ स्वस्त. शिमल्याला भट्टी वाऱ्यात धरत नाही. आम्ही हसायचो. मंडळी बघायला गेली की स्वयंपाकाची वेळ होते आणि ती परत आली की वाढायची, यात आचाऱ्याने बघायचं कधी, हा प्रश्न आमच्यापैकी कोणाच्या मनात आला नाही. तुमच्या आला असेल तर तुम्ही बोलला नाहीत. मी माझ्या वहीत तुमचाच दिवस आखला होता, तासांसकट.

बुधवार आणि गुरुवार मी आकडा कळवला नाही. मला ते शहर बघायचं आहे, हे मी दोन दिवस स्वतःशी नीट कबूल करत होतो. महिनाभर मी त्याचेच फोटो बघत होतो. भिंतींवर कोरलेली माणसं आहेत, दगडी चौकटींवर वर पाहिल्याशिवाय दिसत नाहीत अशी. एका इमारतीच्या माथ्यावर जाळीसारखी दगडी भिंत आहे आणि तिच्यातून झाडं दिसतात. पण नावेत बसलो आणि मावशींना काही झालं, उलट्या झाल्या, केळी बाधली, तर दादा काही बोलणार नाही आणि मला ते कायम आठवेल. हे सगळं मी दुसऱ्या कागदावर लिहून काढलं, दोन रकाने करून. दोन्ही सारखेच भरले.

शुक्रवारी सकाळी कामावर जाण्याआधी मी अकरा लिहून पाठवलं. तेवढं पाठवताना मला वेरूळ आठवलं.

तो माझा तुमच्याबरोबरचा शेवटचा दौरा. तुम्ही वेरूळला किती वेळा गेला होता त्याची मोजदाद नव्हती. वाहनतळाच्या पलीकडच्या लिंबाखाली आपली भट्टी. भाजी होत आली होती आणि तुम्ही मला म्हणालात, जा, आत जाऊन ये, मी बघतो. मी गेलो. कैलास लेण्याच्या आत उभं राहिल्यावर मान वर करून मी किती वेळ होतो कुणास ठाऊक. वरून खाली कोरत आलेत, बाहेरून काही आणलेलं नाही, हे मला कोणीतरी सांगत होतं आणि माझा विश्वास बसत नव्हता. परत आलो तेव्हा तुम्ही परातीत कणीक मळत होता. हात न थांबवता तुम्ही विचारलंत, "काय आहे रे आत?" मी म्हणालो, "काही नाही. दगड आहेत." तुम्ही बरं म्हणालात आणि गोळे करायला घेतलेत.

तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी तसं म्हणालो, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. तसं नव्हतं, आप्पा. मी खरं सांगितलं असतं तर तुम्ही हात धुऊन आत गेला असता, आणि चाळीस पानं मला एकट्याला वाढावी लागली असती. मला त्याची भीती वाटली.