सतरा नंबर

जिंतूर, मंगळवार, ९ मार्च १९९३

सकाळी क्लासच्या कॉम्प्युटरवर तारीख चुकीची दिसली म्हणून मी सेटअपमध्ये जाऊन ती दुरुस्त केली. कुणी सांगितलं होतं मला? त्या भरात तिथे नोंदवलेला हार्ड डिस्कच्या प्रकाराचा नंबरही बदलला गेला आणि मशीन सुरूच होईना. मूळ नंबर लिहून घेतला नव्हता. लहानपणी घरी दादा गणित शिकवायचे तेव्हा म्हणायचे, आधीचं टिपून ठेव, मग खोड. नेमकं तेच विसरले.

मी बोलायच्या आत क्लास चालवणारे देशमुखसर खोली झाडणाऱ्या सखाराममामांवर घसरले. "पायाची धूळ आत आणता, ती मशीनच्या पोटात जाती. उद्यापासून येऊ नका."

"मी हातबी लावला न्हाई, साहेब."

आणि मी? स्क्रीनकडे वळले.

मग एकपासून एकेक नंबर टाकून मशीन पुन्हा पुन्हा चालू करत बसले. दर वेळी तेच, डिस्क सापडत नाही. सतराव्या नंबरला सुरू झालं. सतरा! एवढे दोन आकडे लिहून ठेवले असते तर. तेव्हा कुठे सरांना सांगितलं, चूक माझी होती. दुरुस्त झाल्यावर कबूल करण्यात कसली हिंमत?

सर चक्क हसले. "तुमच्याकडून झालं होय! असू द्या, शिकताना होतंच. मामा, या उद्या."

मी केलं तर शिकणं, त्यांच्यावर नुसता संशय आला तर हाकलणं! सरांचा संताप आला, माझा त्याहून जास्त.

संध्याकाळी मामांची माफी मागितली. ते उंबऱ्यापाशीच थांबले आणि झाडू माझ्यापुढे धरला. "आतलं तुमीच झाडा, ताई."

माझं झाडून होईपर्यंत ते बाहेर उभे होते.