चांदीचे डोळे

७ सप्टेंबर १९९८, बारामती
लागली बाई एकदाची नोकरी! मतदारांची नावं कॉम्प्युटरवर चढवायची. चपला दाराबाहेर, आत गारेगार एसी. कळस गावातल्या घराला कुलूप लावून आईलाही खोलीवर आणलं. पण आमच्या मातोश्री म्हाळसाबाई स्वस्थ बसतील तर ना! आल्या आल्या शेजारच्या फुलाबाईंची गोधडी शिवायला घेतली. लाइट गेली तरी सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवते. आमचे मालक मानसिंगराव मात्र महाखडूस. मान वर केली की खेकसतात.

१८ सप्टेंबर
डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय. मिटले तरी हिरवी अक्षरं पळतात. आई शेळीच्या दुधात भिजवलेला कापूस ठेवते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. जरा विसावा मागितला तर मानसिंगराव म्हणाले, घरी जा, बाहेर दहा पोरी उभ्या हायत. मेल्याला काळीज म्हणून नाही.

२८ सप्टेंबर
आईनं गावच्या देवीला चांदीचे डोळे बोललेत. सोनाराकडून आणून माझ्या हातात दिले. म्हणाली, दसऱ्याला वाहून ये, आन् म्हण, लेकीचं दुखणं आईला दे. वेडी कुठली.

३० सप्टेंबर
खंडेनवमी. मशीनला हळदकुंकू, झेंडूचा हार. तेवढ्यात मानसिंगरावांचा हुकूम, उद्या दसऱ्यालाही सुट्टी न्हाय. असा राग आला! पर्समधले डोळे काढले आणि मेण लावून कॉम्प्युटरच्या काचेच्या वरच्या पट्टीवर चिकटवले. आता हीच आमची देवी, म्हटलं. आईचं मागणं तिलाच म्हणून दाखवलं. पोरी पोट धरून हसल्या.

३ ऑक्टोबर
कमाल झाली! माझे डोळे एकदम गार. मानसिंगराव खूश, कायम करतो म्हणाले. आईला खोटंच सांगितलं, देवीला वाहिले म्हणून. आईनं आज बोटात सुई टोचून घेतली. डोळ्यात वाळू गेल्यावानी वाटतंय म्हणाली. वय झालं, दुसरं काय.

९ ऑक्टोबर
आईला दोरा ओवता येत नाही. डोळे मिटले की हिरव्या मुंग्या पळतात म्हणते. — आईनं कॉम्प्युटर कधी पाहिलेलाच नाही.

१२ ऑक्टोबर
ते चांदीचे डोळे काढायला गेले. निघेनात. नखानं खरवडले. बोटाला ओलं लागलं, कोमट.
घरी आई डोळे धरून लोळत होती. फुलाबाई म्हणाल्या, कुणीतरी नखं लावतंय म्हणून वरडतीया.

१४ ऑक्टोबर
आई आंधळी झाली. डॉक्टरांनी हात टेकले.
पण मी ऑफिसात टाइप केलेली नावं ती खोलीत बसून वाचते. ओळीनं. आईला अक्षरओळख नाही.
देवी, मला परत दे माझं दुखणं. मला दे —

१५ ऑक्टोबर, ऑफिस
आईला सोबत आणलंय. शेजारी बसवलंय.
चांदी राहिलीच नाही. पापण्या आहेत. डाव्या बुबुळाशेजारचा तीळ — आईचा तीळ —
आईचं तोंड भिंतीकडं. म्हणते, सुकन्या, किती वाळलीस गं, हितनं नीट दिसतीयास —
मानसिंगराव आलेत. बास झालं, मशीन बंद कर म्हणतात. नको, मालक, पाया पडते —
आई म्हणते, अंधार करू नगासा —
त्यांनी बटणाकडं हात